किलिमांजारो : धांवणाऱ्यानें चालावयाचा पर्वत

डोंगरवाटेनें धांवण्याचा छंद अलीकडे शहरांतील कुटुंबांत चांगलाच रुजला आहे. आठवडाभर कचेरींत खुर्चीवर बसणारीं माणसें रविवारीं पहांटे सिंहगडाच्या पायथ्याशीं जमतात, घड्याळ लावून गड चढतात, माथ्यावर मडक्यांतलें दहीं खातात आणि ऊन चढावयाच्या आंत धांवत खालीं येतात. त्यांना कोणी पदक देत नाहीं, कीं त्यांचीं नांवें वर्तमानपत्रांत येत नाहींत. गेल्या महिन्यापेक्षां या महिन्यांत दोन मिनिटें वांचलीं, एवढाच त्यांचा लाभ. पण तो त्यांना पुरतो. असा मनुष्य चार-दोन वर्षांत कळसूबाईपर्यंत जातो. १,६४६ मीटर उंचीचें हें महाराष्ट्रांतील सर्वांत उंच शिखर एकदां पायांखालीं आलें, कीं त्याची दृष्टि साहजिकच सह्याद्रीच्या पलीकडे जाऊं लागते. आणि मग बहुधा एक नांव त्याच्या कानांवर येतें : किलिमांजारो.

पूर्व आफ्रिकेंतील टांझानिया देशांतला हा पर्वत ५,८९५ मीटर, म्हणजे १९,३४१ फूट, उंच आहे. आफ्रिका खंडांत याहून उंच जागा नाहीं. असें असूनहि त्याच्या रुळलेल्या वाटांवर दोर लागत नाहींत, बर्फ फोडण्याची कुऱ्हाड लागत नाहीं; चालण्याखेरीज दुसरी कोणतीहि कला अंगीं नसली तरी चालतें. हौशी धांवणाऱ्यास याहून मोठें आमंत्रण तें कोणतें? आपले पाय तयार आहेत, दम टिकाऊ आहे, तेव्हां चालणारांच्या या पर्वतावर आपली बाजू उजवीच ठरेल, असा हिशेब तो मनांत मांडतो. हा हिशेब वरवर बिनचूक दिसतो. पण त्यांत एक मोठी रक्कम मांडावयाची राहून गेलेली असते. ती रक्कम म्हणजे हवा. ती विसरल्यामुळें धडधाकट तरुणांना शिखराच्या खालून परत फिरावें लागतें, आणि क्वचित् कोणाच्या जिवावरहि बेततें. म्हणूनच या पर्वतावर धांवणाऱ्यानें चालावें कां आणि कसें, हें समजून घेण्याजोगें आहे.

किलिमांजारो हा पर्वतांच्या रांगेंतला एक नव्हे. तो सपाट प्रदेशांत एकटाच उभा आहे. विषुववृत्ताच्या दक्षिणेस अवघ्या तीन अंशांवर तीन ज्वालामुखींच्या उद्रेकांतून तो घडला. त्यांपैकीं शिरा हा झिजून पठार झाला, मावेन्झी हा सुळक्यांसारखा फाटला आणि किबो हा मधला घुमट सर्वांत उंच राहिला. १८४८ सालीं योहानेस रेबमान या जर्मन मिशनऱ्यानें या घुमटावर बर्फ पाहिलें व तसें लिहून कळविलें, तेव्हां विषुववृत्ताजवळ बर्फ असणें शक्य नाहीं, म्हणून युरोपांतील कांहीं भूगोलपंडितांनीं त्याची थट्टा केली. पुढें हान्स मायर या जर्मन भूगोलवेत्त्यानें शिखरावर जाण्याचा ध्यास घेतला. १८८७ सालचा त्याचा प्रयत्न वरच्या बर्फाशीं संपला. १८८८ सालीं किनाऱ्यावरील बंडाळीमुळें त्याला पर्वतापर्यंत पोंचतांच आलें नाहीं. १८८९ सालीं त्यानें युक्ति बदलली. वाटेंत निरनिराळ्या उंचींवर तळ टाकून तेथें अन्नाचा पुरवठा चालूं राहील अशी व्यवस्था त्यानें केली, म्हणजे एकदां अपयश आलें तरी पार खालीं उतरावें लागूं नये. ३ ऑक्टोबरला तो व त्याचा सोबती लुडविग पुर्टशेलर किबोच्या कांठापर्यंत पोंचले, पण थकून परतले. विश्रांति घेऊन पुन्हां निघाले आणि ६ ऑक्टोबरला माथ्यावर उभे राहिले. त्यांच्या यशाचें मर्म वेगांत नव्हतें. वर राहण्यासाठीं त्यांनीं वेळ मिळविला, यांत होतें. टांगानिका १९६१ सालीं स्वतंत्र झाल्यावर या माथ्याला ‘उहुरु’ हें नांव मिळालें. स्वाहिली भाषेंत त्याचा अर्थ स्वातंत्र्य असा आहे.

आतां त्या विसरलेल्या रकमेकडे वळूं. हवेला वजन आहे व उंचावर तें कमी भरतें, ही गोष्ट प्रथम एका डोंगरावरच सिद्ध झाली. १६४८ सालीं १९ सप्टेंबरला फ्रान्समधील पुई-द-दोम या सुमारें दीड हजार मीटर उंच डोंगरावर पास्कालच्या मेहुण्यानें पाऱ्याची नळी चढवून नेली. माथ्यावर पारा सुमारें तीन इंच खालीं उतरलेला दिसला. पायथ्याशीं ठेवलेली दुसरी नळी मात्र दिवसभर जशीच्या तशी होती. आपण सारे हवेच्या एका सागराच्या तळाशीं राहतों आणि जसजसें वर जावें तसतसा डोक्यावरील हा सागर उथळ होत जातो. हवेंतील प्राणवायूचें प्रमाण उंचावरहि बदलत नाहीं; मुंबईंत शंभरांत एकवीस भाग तर शिखरावरहि तितकेच. परंतु सारी हवाच विरळ झाल्यामुळें प्रत्येक श्वासाबरोबर छातींत जाणारा प्राणवायु घटतो. कळसूबाईवर हवेचा दाब समुद्रकांठापेक्षां सुमारें एकषष्ठांशानें कमी असतो. धडधाकट माणसाला तें जाणवतहि नाहीं. किलिमांजारोच्या माथ्यावर तो जवळजवळ निम्म्यावर येतो. याचा अर्थ असा, कीं तेथें दोन श्वास घेतले तेव्हां कोठें एका श्वासाचा ऐवज पदरांत पडतो. डोंगरावर लागणारा आजार दमणुकीनें नव्हे, तर प्राणवायूच्या या कमी दाबानें होतो, हें पॉल बेर या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८७८ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत अनेक प्रयोगांनीं दाखवून दिलें.

शरीर या टंचाईपुढें हातपाय गाळून बसत नाहीं. पहिली धांव श्वासाची. उंची जाणवतांच मनुष्य नकळत जलद व खोल श्वास घेऊं लागतो. पण यांत एक अडचण आहे. अधिक श्वासाबरोबर रक्तांतील कर्बाम्ल वायु, म्हणजेच कार्बन डायॉक्साइड, अधिक प्रमाणांत बाहेर पडतो. रक्ताचा आम्लपणा घटून तें अल्कधर्मी होऊं लागतें. आणि श्वासाचें नियंत्रण करणारें मेंदूंतील केंद्र, ‘आतां पुरे’ असें समजून श्वासाला लगाम घालतें. प्राणवायूची हांक एकीकडे आणि हा लगाम दुसरीकडे, अशा ओढाताणींत पहिले कांहीं दिवस जातात. रात्रीं झोंपेंत कांहीं श्वास भराभर घेतले जातात, मग क्षणभर श्वास थांबतो आणि झोंपलेला माणूस दचकून जागा होतो, तें याच ओढाताणीमुळें. हा लगाम सैल करण्याचें काम मूत्रपिंडें करतात. रक्तांतील जादा अल्क तीं हळूहळू बाहेर टाकतात. या कामाला कित्येक तास, किंबहुना दिवस लागतात. डोंगरावर जाणाऱ्यास वारंवार लघवीला होतें, ती याचीच खूण असून ती बहुधा शुभ समजावी. रक्तांतील तांबड्या पेशी वाढतात ही गोष्ट खरी. पण त्या भरीव प्रमाणांत वाढण्यास आठवडे लागतात. तेव्हां सात-आठ दिवसांच्या यात्रेंत मनुष्याची खरी भिस्त श्वासावर आणि मूत्रपिंडांवर असते.

येथें धांवणाऱ्याच्या हिशेबांतील चूक उघड होते. वर्षानुवर्षांच्या मेहनतीनें त्यानें आपलें हृदय बळकट केलें, पायांचे स्नायु कसले, श्रम सोसण्याची शक्ति वाढविली. पण मूत्रपिंडांना धांवण्याची तालीम देतां येत नाहीं. समुद्रकांठीं दररोज दहा मैल धांवणारा आणि दररोज दहा जिने चढणारा, हे दोघे उंचीच्या आजारापुढें सारखेच असतात. कोण आजारी पडेल हें शरीराच्या कसदारपणावरून सांगतां येत नाहीं. तें मुख्यतः तीन गोष्टींवर ठरतें : माणूस किती वेगानें वर गेला, किती उंचीवर झोंपला आणि त्याची मूळ प्रकृति उंचीला कितपत मानवते. यांपैकीं तिसरी गोष्ट जन्मतःच ठरलेली; पहिल्या दोन मात्र आपल्या हातांतल्या आहेत.

इतकेंच असतें तरी धांवणाऱ्याचें फारसें बिघडलें नसतें. पण त्याच्या अंगीं बाणलेल्या कांहीं सवयी येथें उलट्या फिरतात. दम लागला तरी थांबावयाचें नाहीं, पाय दुखले तरी दुखण्याकडे लक्ष द्यावयाचें नाहीं, पुढें कोणी दिसला कीं त्याला गांठावयाचें, हे त्याच्या छंदांतले सद्गुण होत. डोंगरावर डोकें दुखूं लागलें, कीं तो तें याच हिशेबीं धरतो व चालत राहतो. शिवाय त्याचे पाय त्याला लौकर वर नेऊं शकतात, हाच खरा धोका आहे. अशक्त मनुष्याला त्याची अशक्तताच आवर घालते. सशक्ताला आवर घालणारें त्याच्या शरीरांत कांहींच नसतें, तो आवर त्याला बुद्धीनें घालावा लागतो.

आणि जी शक्ति तो बरोबर घेऊन येतो तीहि वाटेंत झिजत जाते. साधारणपणें दीड हजार मीटरच्या वर दर हजार मीटरला माणसाची श्रम करण्याची परमावधि सुमारें एक दशांशानें उतरते. उहुरुपर्यंत पोंचेतों ती एकतृतीयांशाहून अधिक घटलेली असते. गांवांत ज्या चालीनें दोघे मित्र गप्पा मारीत जातात, तीच चाल तेथें धांवण्याइतका दम काढते. चढ फार उभा झाला म्हणजे धांवण्यापेक्षां चालण्यांत कमी शक्ति खर्च होते, हें डोंगरांतल्या कसलेल्या शर्यतपटूंनाहि ठाऊक आहे; शर्यतींतहि ते अशा जागीं गुडघ्यांवर हात टेकून चालतातच. किलिमांजारोवर ही गोष्ट कांहीं चढांपुरती नसून साऱ्या पर्वताला लागूं आहे.

वाटेवरचा एकेक दिवस पाहिला म्हणजे हें सारें स्पष्ट होईल. माथ्याकडे जाणाऱ्या वाटा अनेक आहेत; त्यांतली माचामे ही वाट विशेष वहिवाटीची. तिचें प्रवेशद्वार अठराशे मीटरच्या आसपास आहे. म्हणजे कळसूबाई जेथें संपते, साधारण त्या उंचीवर किलिमांजारोची वाट सुरू होते. पहिला दिवस घनदाट, ओलसर अरण्यांतून जातो. झाडांवरून शेवाळाच्या झिरमिळ्या लोंबत असतात, पायांखालीं चिखल असतो, हवा अजून भरपूर असते आणि धांवणाऱ्याच्या पायांना जणूं खाज सुटते. नेमक्या याच वेळीं पुढें चालणारा वाटाड्या मागें वळून म्हणतो, ‘पोले पोले.’ स्वाहिलींत याचा अर्थ ‘हळूहळू’. आपल्याप्रमाणेंच त्या भाषेनेंहि हा शब्द दोनदां उच्चारून त्यांत सावकाशी भरली आहे. पहिल्या दिवशीं हा उपदेश हास्यास्पद वाटतो, तिसऱ्या दिवशीं तो पटतो आणि शेवटच्या रात्रीं त्याहून जलद चालणें शक्यच नसतें.

पहिला मुक्काम तीन हजार मीटरच्या किंचित् खालीं पडतो. दुसरा शिरा पठारावर, सुमारें ३,८०० मीटरवर. अरण्य मागें पडून झुडपें लागतात. या दुसऱ्या रात्रीं पुष्कळांना डोकेंदुखी जाणवते, कारण एका दिवसांतली ही वाढ मोठी आहे. तीन हजार मीटरच्या वर झोंपण्याची जागा रोज पांचशे मीटरहून अधिक चढवूं नये व तीन-चार दिवसांनीं एक दिवस विसावा घ्यावा, असें वैद्यकशास्त्र सांगतें. किलिमांजारोवरच्या नेहमींच्या बेतांत हा नियम पुरतेपणीं पाळला जात नाहीं. म्हणून यात्रेंत दिवस जितके अधिक, तितकी यशाची आशा अधिक. पांच दिवसांत वर जाऊन येण्याचे स्वस्त बेत मिळतात. ते पैशानें स्वस्त असले तरी शरीराला फार महाग पडतात.

तिसऱ्या दिवसाची रचना या वाटेवरची सर्वांत शहाणपणाची आहे. सकाळीं शिरा पठार सोडून वाट चढत चढत लाव्हा टॉवर या काळ्या खडकापाशीं, सुमारें ४,६०० मीटरवर, जाते. तेथें जेवण करून, वर चढणें शक्य असूनहि, सारे खालीं उतरतात आणि बारांको खोऱ्यांत सुमारें ३,९५० मीटरवर रात्र काढतात. दिवसभर चालून झोंपण्याची जागा जेमतेम दीडशे मीटर वर गेलेली असते. घड्याळ लावून डोंगर मोजणाऱ्याला ही निव्वळ उधळपट्टी वाटेल. पण दिवसां शरीराला उंचीची चुणूक दाखवावी आणि रात्रीं त्याला अधिक हवेंत विसावा द्यावा, यांतच या दिवसाचें सार्थक आहे. बारांको खोऱ्यांत माणसाहून कितीतरी उंच वाढणारे सेनेसिओ नांवाचे वृक्ष उभे असतात. त्यांचीं वाळलेलीं पानें गळून न पडतां बुंध्याला चिकटून राहतात आणि रात्रींच्या गोठविणाऱ्या थंडींत त्या बुंध्याचें पांघरूण होतात. या उंचीवर तगून राहणाऱ्या वनस्पतींनींहि सावकाशीचाच मार्ग पत्करलेला दिसतो. त्या फार मंद गतीनें वाढतात.

तेथून कारांगा, आणि कारांगाहून बाराफु हा सुमारें ४,६५० मीटरवरचा शेवटचा तळ. ‘बाराफु’ म्हणजे बर्फ. आपला बर्फ आणि त्यांचा बाराफु हे दोन्ही शब्द एकाच फारसी शब्दाचीं लेंकरें. हिंदी महासागराच्या दोन्ही तीरांवर फारसीचे शब्द जाऊन रुजले, त्याची ही एक खूण.

या सर्व दिवसांत हौशी यात्रेकरूनें ज्याकडे लक्ष ठेवावयाचें तें घड्याळ नव्हे, तर स्वतःचें शरीर. चालतां चालतां एक पुरें वाक्य न अडखळतां बोलतां आलें पाहिजे. बोलतांना मध्येंच श्वास घ्यावा लागला तर वेग अधिक आहे असें समजावें. डोकें दुखून त्याबरोबर मळमळ, अन्नावरची वासना जाणें, चक्कर अथवा असाधारण थकवा यांपैकीं कांहीं असेल, तर तो उंचीचा आजार होय. त्याबाबत तीन नियम साऱ्या जगांतील पर्वतांवर मानले जातात. उंचावर बरें वाटेनासें झालें, तर दुसरें कारण सिद्ध होईपर्यंत तो उंचीचाच दोष समजावा. लक्षणें असेतों आणखी वर जाऊन झोंपूं नये. आणि लक्षणें वाढत असतील तर, मध्यरात्र असली तरी, ताबडतोब खालीं उतरावें. स्वस्थ बसलें असतांहि धाप लागणें व खोकला सुटणें ही फुफ्फुसांत पाणी होत असल्याची खूण असूं शकते. झोंकांड्या जाणें व असंबद्ध बोलणें ही मेंदूला सूज येत असल्याची. सरळ रेषेंत एका पावलाच्या बोटांना दुसऱ्या पावलाची टांच लावीत चालावयास सांगावें. ज्याचा तोल जातो त्याला एकट्यानें सोडूं नये व तत्काळ खालीं न्यावें. अशा वेळीं उशीर झाला तर प्राण जातो, आणि वेळेवर हजार मीटर उतरलें तर तोच मनुष्य बहुधा सांवरतो. ॲसिटाझोलमाइड नांवाचें औषध मूत्रपिंडांच्या वर सांगितलेल्या कामाला मदत करतें. पण तें डॉक्टरांच्या सल्ल्यानेंच घ्यावें, आणि तें घेतलें म्हणजे घाई करण्यास परवाना मिळाला असें मानूं नये.

स्वतःची परीक्षा स्वतः करण्यांत मात्र एक अडचण आहे. प्राणवायु कमी पडला, कीं ज्या बुद्धीनें परीक्षा करावयाची तीच प्रथम मंदावते. १५ एप्रिल १८७५ रोजीं तीन फ्रेंच वैमानिक ‘झेनिथ’ नांवाच्या बलूनमधून आठ हजार मीटरच्या वर गेले. प्राणवायूच्या पिशव्या त्यांच्याजवळच होत्या. त्यांपैकीं जिवंत परतलेल्या तिसांदिए यानें पुढें लिहून ठेवलें, कीं त्या वेळीं त्याला भय तर वाटलें नाहींच, उलट एक प्रकारचा आनंद वाटत होता. पिशवीची नळी तोंडाशीं न्यावी असें मनांत आलें, पण हात उचलेना. त्याचे दोघे सोबती वरच मरण पावले. किलिमांजारोची उंची तितकी नाहीं, आणि तेथें मनुष्य पायानें हळूहळू जातो. तथापि धडा तोच आहे. आपण ठीक आहों हें वर ठरवावयाचें काम एकट्याच्या मनावर सोंपवूं नये. परत केव्हां फिरावयाचें हें खालीं, डोकें ताळ्यावर असतांनाच ठरवावें आणि वर वाटाड्याचा शब्द अखेरचा मानावा.

मग धांवण्याच्या साऱ्या तालमीचा उपयोगच नाहीं काय? उपयोग आहे, पण तो वेगळ्या जागीं. रोज सहा-सात तास चालून दुसऱ्या दिवशीं पुन्हां ताजे उठणारे पाय हें मोठें भांडवल होय. भूक नसतांना थोडें थोडें खाणें, तहान लागण्याची वाट न पाहतां पाणी पिणें, पायाला फोड येण्यापूर्वीं मोजा सारखा करणें, या बारीकसारीक गोष्टी धांवणाऱ्याला संवयीच्या असतात. सर्वांत मोठा उपयोग उतारावर होतो. माथ्यावरून निघून त्याच दिवशीं सुमारें २,८०० मीटर उतरावें लागतें. उतरतांना मांडीचे स्नायु ताणले जात असतांनाच भार सोसतात, आणि ज्यांना याची संवय नाहीं त्यांच्या मांड्या दुसऱ्या दिवशीं जिना उतरूं देत नाहींत. सिंहगड किंवा राजगड उतरण्याचा सराव येथें कामीं येतो. म्हणून तयारी करतांना चढण्याइतकेंच उतरण्याकडे लक्ष द्यावें, पाठीवर थोडें ओझें घ्यावें, आणि एका दिवसाच्या मोठ्या धांवेपेक्षां लागोपाठ दोन-तीन दिवस डोंगर चालावा. उंचीची तयारी मात्र सह्याद्रींत होऊं शकत नाहीं. कांहीं लोक त्यासाठीं आधीं शेजारचा मेरु पर्वत चढतात. नांवानें आपल्या पुराणांतील मेरूची आठवण करून देणारा हा पर्वत साडेचार हजार मीटरहून किंचित् अधिक उंच आहे, आणि तेथें घालविलेले चार दिवस पुढें व्याजासकट परत मिळतात.

पोषाखाबाबतहि धांवणाऱ्याचा अंदाज चुकतो. धांवतांना शरीर भट्टीसारखें तापतें, म्हणून त्याला पातळ कपडे पुरतात. पण हळू चालणाऱ्याच्या शरीरांत उष्णता थोडीच निर्माण होते, आणि शेवटच्या रात्रीं माथ्याजवळ पारा शून्याच्या खालीं दहा-पंधरा अंशांपर्यंत जाऊं शकतो. तेव्हां कपड्यांचे थर, दुहेरी हातमोजे व कान झांकणारी टोपी या गोष्टी चैनीच्या नव्हेत.

ती शेवटची रात्र मध्यरात्रीच्या सुमारास सुरू होते. थंडीनें गोठलेली मुरूम-राखेची घसरडी वाट त्या वेळीं जरा घट्ट असते, आणि पहांट माथ्याजवळ होते. बाराफुपासून उहुरुपर्यंतची चढण सुमारें बाराशे मीटरांची. एवढी चढण सह्याद्रींत दीड-दोन तासांत उरकणाऱ्यास येथें सहा-सात तास लागतात. कपाळावरच्या दिव्यांची एक रांग अंधारांत मुंगीच्या चालीनें वर सरकत असते. एक पाऊल, एक श्वास, पुन्हां एक पाऊल. रक्तांतील प्राणवायूचें प्रमाण, जें खालीं शंभरांत पंचाण्णवाच्या वर असतें, तें येथें ऐंशीच्या आसपास किंवा त्याहूनहि खालीं आलेलें असतें. किबोचा कांठ स्टेला पॉइंट या ठिकाणीं, सुमारें ५,७५० मीटरवर, लागतो. येथून माथा अगदीं जवळ दिसतो, आणि येथूनहि परत फिरणारे लोक असतात. जो डोकें ठिकाणावर ठेवून येथून फिरला त्यानें पर्वत हरविला नाहीं, असेंच समजलें पाहिजे. माथा उद्यांहि तेथेंच राहणार आहे.

यावर कोणी असा आक्षेप घेईल, कीं या पर्वतावर लोक धांवलेहि आहेत. तें खरें आहे. २०१४ सालीं कार्ल एग्लॉफ हा धांवपटु पायथ्यापासून माथ्यापर्यंत जाऊन पुन्हां पायथ्याशीं ६ तास ४२ मिनिटें २४ सेकंदांत परत आला. पण एग्लॉफ हा इक्वेडोरच्या उंच प्रदेशांत वाढलेला व उंच पर्वतांवर वाटाड्याचें काम केलेला मनुष्य आहे. विरळ हवा ही त्याची रोजची हवा. लोकांना त्याचे सात तास दिसतात, त्यामागचीं वर्षें दिसत नाहींत. समुद्रकांठच्या हौशी माणसानें त्याच्या वेगाचें अनुकरण करणें म्हणजे गुडघ्याला बाशिंग बांधणें होय.

या पर्वतावर खरा भार वाहणारे लोक आणखी निराळेच. तंबू, भांडीं, धान्य, पाणी हें सारें डोक्यावर व पाठीवर घेऊन हमाल यात्रेकरूंच्या पुढें निघून जातात आणि ते येण्यापूर्वीं तळ उभारतात. प्रत्येकानें वाहून न्यावयाचें ओझें वीस किलोपेक्षां अधिक असूं नये असा नियम आहे. तो पाळला जातो कीं नाहीं, त्यांना पुरतें ऊबदार वस्त्र व पोटभर अन्न मिळतें कीं नाहीं, हें यात्रेकरूनें आधींच विचारून घ्यावें. स्वस्तांतल्या स्वस्त बेतामध्यें जी बचत होते ती बहुधा यांच्याच पोटाला चिमटा घेऊन होते.

माथ्यावरच्या बर्फाकडेहि पाहून यावें. ज्या बर्फाच्या बातमीवर १८४८ सालीं कोणी विश्वास ठेवला नाहीं, तें १९१२ सालच्या मानानें आतां एकपंचमांशाहूनहि कमी उरलें आहे. येणाऱ्या पिढीला तें दिसेलच अशी खात्री देतां येत नाहीं. तें पाहण्याची घाई झाली पाहिजे हें खरें. पण ती घाई घरून निघण्यांत असावी, वाटेवर नसावी. यात्रेचा बेत ठरवितांना पांच दिवसांच्या जागीं सात-आठ दिवस घ्यावे, आणि बूट, घड्याळें व कपडे यांवर जो खर्च होणार त्यांतून कांहीं वांचवून तो या दोन-तीन दिवसांसाठीं ठेवावा. पायांतलें बळ प्रत्येकजण घरून घेऊन येतो. रक्ताला लागणारा अवधि मात्र पर्वतावरच घालवावा लागतो, आणि तो देणाऱ्यालाच किलिमांजारो आपली वाट मोकळी करून देतो.